गॅस्टर सॅन्सचा बाप? गेममधल्या पात्रांची वंशावळ लावताना या चुका टाळा

'गॅस्टर हाच सॅन्स आणि पपायरसचा बाप' असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी जण 'अंडरटेल' हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या टोळक्यात असतोच. सॅन्स आणि पपायरस हे त्यातले दोन सांगाडे, आणि गॅस्टर हे क्वचितच उल्लेख होणारं गूढ पात्र. नाशिकच्या कॉलेज रोडला चहा घेताना हा विषय निघाला की चहा गार होतो. 'गेममध्ये हे नेमकं कुठं येतं?' असं विचारलं की उत्तर मिळतं, 'दादा, सगळ्यांना माहितीये!' अंदाज बांधायला माझी काही हरकत नाही, निम्मी मजा त्यातच आहे. पण कुठली गोष्ट पडद्यावर पाहिली आणि कुठली मित्राकडून ऐकली, हे वेगळं ठेवलं नाही तर वाद मिटतच नाही.

खरं तर नाशिककरांना हे जड जाऊ नये. आपल्याकडे रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. तिथं नुसत्या आडनावावर भागत नाही. मूळ गाव विचारतात, आजा-पणज्याची नावं विचारतात. मग आपल्या घरातलं कुणीतरी पूर्वी येऊन स्वतः लिहून, सही करून गेलेलं पान निघतं. गेममधल्या घराण्यालाही हेच विचारावं: नोंद कुणाच्या हातची आहे?

नावावरून नातं जोडू नका

सॅन्स कॉमिक सॅन्स फॉन्टमध्ये बोलतो, पपायरस पपायरस फॉन्टमध्ये. डब्ल्यू. डी. गॅस्टर या नावात विंगडिंग्ज (अक्षरांऐवजी चिन्हं असलेला) आणि ॲस्टर हे दोन फॉन्ट दडलेत. म्हणून तिघं एका घरचे! दुवा झकास आहे, पण त्यातून एवढंच कळतं की गेमचा निर्माता टोबी फॉक्सने तिघांची नावं एकाच डब्यातून काढली. बाप कोण, ते त्यातून कळत नाही.

एल्डन रिंग या गेमच्या बाबतीत असंच झालं होतं. गॉडरिक, रॅडान, रायकार्ड, मारिका, मलेनिया, म्हणजे जी, आर, आर, एम. तेव्हा त्या घराण्यात, गेमची पूर्वकथा लिहिणारे कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी स्वतःची आद्याक्षरं लपवली, असा बोभाटा झाला. मार्टिन यांनी तो साफ नाकारला. त्यांचं नाव गेमच्या जाहिरातीत उघड मिरवलं जात होतं, लपवायचं कशाला?

नोंद कुठं सापडली ते लिहून ठेवा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून गॅस्टरचं प्रकरण जरा उकलून बघू.

सॅन्स आणि पपायरस भाऊ आहेत, हे गेम उघड सांगतो. स्नोडिनची दुकानदारीण म्हणते, हे दोघं एके दिवशी अचानक गावात आले. आईबापाचा उल्लेख ती करत नाही. गॅस्टरबद्दलची माहिती मिळते ती करड्या रंगाच्या अनुयायांकडून. नवा खेळ सुरू करताना 'फन' नावाचा एक आकडा आपोआप ठरतो आणि तो साठीच्या पुढचा ठरावीक आला तरच हे अनुयायी दिसतात. गॅस्टर आधीचा शाही शास्त्रज्ञ होता, 'कोर' हे वीजघर त्याने उभारलं, आणि तो आपल्याच निर्मितीत पडला, एवढं ते सांगतात. मुलाबाळांविषयी चकार शब्द नाही.

मग गॅस्टर म्हणून दाखवला जाणारा तो तडे गेलेला पांढरा चेहरा? तो वॉटरफॉल या भागातल्या करड्या दारामागे, फन ६६ असताना, नशिबात असेल तर दिसतो. पण तो गॅस्टर आहे असं गेम म्हणत नाही. गेमच्या फाइलमध्ये त्या चित्राचं नाव नुसतं 'मिस्टरी मॅन' आहे. आणि गॅस्टरची म्हणून सांगितली जाणारी, विंगडिंग्जमधली ती प्रसिद्ध सतरावी नोंद ('एंट्री १७') साध्या खेळात समोर येतच नाही, ती फाइली उकरून काढलेली आहे. उकरायला बंदी नाही. पण लेखकाने कपाटात ठेवून दिलेला कागद आणि टेबलावर मांडलेला कागद यांत फरक करा, एवढंच.

आता सॅन्सच्या घरामागची खोली. तिथं पडद्याआड मोडकं यंत्र आहे, शेजारी त्याचा आराखडा. 'गॅस्टरच्याच लिपीत आहे तो!' असं पोरं सांगतात. गेममधलं वाक्य मात्र असं की अक्षर एक तर न वाचता येणाऱ्या चिन्हांचं आहे, नाहीतर फारच गचाळ आहे. फॉक्सने दोन्ही दारं उघडी ठेवून वर एक विनोदही केला. आपण एक दार लावून घेतो आणि विनोद विसरतो.

पात्र बोललं म्हणजे खरं, असं नाही

गेन्शिन इम्पॅक्ट या गेममधला केया सांगतो की त्याचे आजोबा समुद्री चाचे होते आणि खजिना मागे ठेवून गेले. पुढे उघड होतं की तो सगळा बनाव होता, चोरांना जाळ्यात ओढण्यासाठी रचलेला. त्याची खरी पार्श्वभूमी, म्हणजे बापाने त्याला खानरिया या राज्याहून मॉन्डस्टाट शहरात हेर म्हणून पेरलं ही गोष्ट, त्याच्या पात्रकथेत आहे. स्वतःच्या घराविषयी बोलणारं पात्र कुणाशी आणि कशासाठी बोलतंय, हे आधी बघा.

पुस्तकातलं नाव गेममध्ये घुसडू नका

फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज या भयगेमचा पहिला भाग ऑगस्ट २०१४ मधला. त्यातल्या खलनायकाचं अफ्टन हे आडनाव आधी २०१५ च्या कादंबरीत आलं, गेममध्ये २०१६ च्या सिस्टर लोकेशन या भागात. ते जुळलं म्हणून लोकांनी कादंबरीतली सगळी नाती उचलून गेमवर चिकटवली. गेमचा निर्माता स्कॉट कॉथनने मात्र सांगितलं होतं की कादंबरी आणि गेम दोन्ही अधिकृत असली तरी एकमेकांत कोड्याच्या तुकड्यांसारखी बसवायची नाहीत. अफ्टनच्या बायकोचं नाव अनेक जण 'क्लारा' सांगतात. ते गेमच्या आत टीव्हीवर चालणाऱ्या मालिकेतल्या बाईचं आहे!

सालाच्या बाबतीतही याच गेमने सगळ्यांना फसवलं. पहिल्या भागात '८७ साली घडलेल्या एका चाव्याचा उल्लेख होता. चौथ्या भागात एका मुलाचं डोकं चावलं गेलं, तेव्हा बहुतेकांनी तेच साल धरलं. मग त्या घरातल्या टीव्हीवर १९८३ सापडलं, आणि मुलांच्या वयाचे सगळे हिशोब पुन्हा मांडावे लागले.

थिअरी अडली तर

वही घ्या, मोबाइलमधली चालेल. प्रत्येक पुराव्यापुढे लिहा: पडद्यावर दिसला, फाइलीत सापडला, लेखक बोलला, की कुणीतरी सांगितलं. शेवटच्या प्रकारातलं सगळं खोडून पाहा. काही उरलं तर पुढे चला. पडद्यावरच्या वाक्याचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण आठवणीत वाक्य बदलतं आणि नेहमी आपल्याच बाजूने बदलतं.

एका घराला दोन बाप लागत असतील तर लगेच एकाला हाकलू नका. एल्डन रिंगमध्ये रॅडगॉन आणि मारिका ही नवरा-बायको म्हणून समोर येतात, आणि राजधानीतल्या पुतळ्यापाशी कळतं की ती दोघं एकच व्यक्ती आहेत. तिथं वंशावळीचं झाड नाही, वेटोळं आहे.

राहिला डेल्टारून, फॉक्सचाच पुढचा गेम. सॅन्स तिथंही दुकान थाटून बसलाय, म्हणून त्यातले संवाद अंडरटेलच्या खात्यावर टाकायचा मोह होतो. फॉक्सने २०१८ मध्येच सांगितलं होतं की हे जग अंडरटेलचं नाही. त्यामुळे वहीत त्याचं पान वेगळं काढा. ठरलेल्या सात प्रकरणांपैकी तिसरं आणि चौथं जून २०२५ मध्ये आलं. पुढची येईपर्यंत त्या पानावर 'बाप' हा रकाना कोरा राहिला तरी चालेल. आणि नव्या प्रकरणाबद्दल टोळक्यात बोलायच्या आधी, कुणाचं खेळायचं राहिलंय का, तेवढं विचारून घ्या.