ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये पाठ्यपुस्तक शोधण्याआधी

सर्चच्या चौकटीत पहिलं अक्षर टाइप करण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद समोर घ्या आणि त्यातली पुस्तकाची ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवा: लेखक, पूर्ण शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष. आवृत्ती दिलेली नसेल तर शिकवणाऱ्यांना आजच विचारा. हे न विचारल्यामुळे मी जवळजवळ अर्धं सत्र जुनी आवृत्ती वापरली. धडे बहुतेक तेच होते, पण गृहपाठात सांगितलेलं ‘प्रकरण ४, उदाहरण १७’ माझ्या पुस्तकात वेगळंच निघालं, आणि हे लक्षात येईपर्यंत दोन गृहपाठ चुकीचे देऊन झाले होते. वाया गेलेल्या त्या रात्री अजून आठवतात.

मग आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, मिळवा. तो मलपृष्ठावर बारकोडपाशी आणि आत प्रताधिकाराच्या पानावर छापलेला असतो. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ आकडी झाला, त्याआधी १० आकडी होता. जुन्या क्रमांकाच्या शेवटी कधीकधी एक्स असतो. तो दहासाठी वापरतात, गाळू नका. जुन्याला पुढे ९७८ लावलं की काम झालं असं समजू नका, शेवटचा आकडा नव्याने काढावा लागतो.

१३ आकडी क्रमांक हाताने उतरवला असेल तर दोन मिनिटं देऊन तपासा. समजा, ९७८०३०६४०६१५७ असा आहे. डावीकडून पहिला आकडा १ ने, दुसरा ३ ने, तिसरा पुन्हा १ ने, असं गुणत जा आणि सगळ्यांची बेरीज करा. इथे ती बरोबर १०० येते. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला नाही, तर उतरवताना नक्की चूक झाली आहे. एखादा आकडा चुकला की ही बेरीज हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तर बहुतेक वेळा.

क्रमांक टाकूनही काही सापडलं नाही, तरी पुस्तक नाही असं लगेच ठरवू नका. कापडी बांधणी, कागदी बांधणी, ई-बुक, प्रत्येकाला वेगळा क्रमांक असतो. क्रमांकातल्या मधल्या रेघा काढून पाहा. तेही जमलं नाही तर लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातले दोनच ठळक शब्द टाका. लांबलचक शीर्षकात एक अक्षर चुकलं तरी हाती काही लागत नाही.

निकाल आले की घाई नको. नोंद उघडून आवृत्ती, भाग आणि पृष्ठसंख्या वाचा. त्याच नावाचं उत्तरांचं पुस्तक किंवा सरावपुस्तिकाही यादीत असते. जाड पाठ्यपुस्तक हवं असताना नोंदीत दीडशे पानं दिसली तर थांबा. निव्वळ पुनर्मुद्रणाचं वर्ष वेगळं असेल तर चिंता नाही, मजकूर तोच असतो.

वर्गांक, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणारा क्रमांक, लिहून घ्या. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या ड्युई पद्धतीत भौतिकशास्त्र ५३० ला आणि रसायनशास्त्र ५४० ला येतं, त्यामुळे हवी ती प्रत बाहेर गेलेली असली तरी त्याच फळीवर शेजारी त्याच विषयाची दुसरी पुस्तकं मिळतात. प्रत संदर्भ विभागातली आहे की घरी नेता येणारी, हेही निघण्याआधीच बघा. सगळ्या प्रती बाहेर असतील तर तिथल्या तिथे मागणी नोंदवून टाका.