नव्या कॅमेऱ्यावर हात कसा बसवावा

अनेक वर्षे एकाच कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्याने दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला, की सुरुवातीचे काही आठवडे त्याचे फोटो आधीपेक्षा वाईट येतात आणि पैसे वाया गेले असे वाटू लागते. वास्तविक जुन्या कॅमेऱ्यावर बोटे आपोआप योग्य बटणावर जात असत. नव्यावर प्रत्येक वेळी बटण शोधावे लागते आणि तेवढ्यात प्रसंग निघून जातो. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचे फोटो काढणाऱ्यांना याची झळ विशेष लागते, कारण सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहात संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तो क्षण पुन्हा टिपायचा तर वर्षभर थांबावे लागते. म्हणून जानेवारीच्या यात्रेसाठी नवा कॅमेरा घेणार असाल तर तो निदान दिवाळीच्या सुमारास घ्यावा आणि पुढील क्रमाने त्याची सवय करावी.

१. आधी फरक लिहून काढा

जुना आणि नवा कॅमेरा टेबलावर शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते वहीत टिपावे. निकॉनची लेन्स बसवताना ती समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, तर कॅनन, सोनी आणि फुजीफिल्मची काट्यांच्या दिशेने. कॅननच्या डायलवर एव्ही (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकार, आपण ठरवायचा) आणि टीव्ही (शटरची गती आपण ठरवायची) म्हणून जे मोड असतात, तेच निकॉन आणि सोनीवर ए आणि एस या अक्षरांनी दाखवलेले असतात. फुजीफिल्मच्या एक्स-टी ५ सारख्या कॅमेऱ्याला तर असा मोड डायलच नाही. तेथे शटरचा डायल आणि लेन्सवरील अ‍ॅपर्चरची कडी यांपैकी काय ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर, ठेवले आहे, यावरून मोड ठरतो. हे फरक कागदावर उतरले की अडचण पाच-सहा ठिकाणांपुरतीच आहे हे लक्षात येते.

२. कॅमेरा आपल्या सवयींकडे वळवा

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत बटणांची कामे बदलता येतात, परंतु ही सोय वापरणारे फार थोडे दिसतात. फोकस, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला फोटोचा उजळपणा कमी-जास्त करणे) आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) या तीन गोष्टी व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता बदलता आल्याच पाहिजेत, आणि बाकी सर्व त्यानंतर पाहावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या कॅमेऱ्यावर आयएसओचे बटण शटरजवळ असेल तर नव्यावरही ते काम शटरजवळच्या एखाद्या बटणाला द्यावे. डायल उलट्या दिशेने फिरतो असे वाटत असेल तर त्याची दिशा बदलण्याचा पर्याय कॅनन, निकॉन आणि सोनी या तिन्हींच्या अनेक मॉडेलांच्या मेनूत आहे. अंगठ्याने फोकस करण्याची सवय असेल तर शटरच्या बटणाचे फोकसचे काम बंद करून ते मागील एएफ-ऑन बटणाकडे सोपवावे.

लेन्स फिरवण्याची दिशा मात्र कोणत्याही मेनूतून बदलत नाही. घरी बसून, खाली मऊ चादर अंथरून, लेन्स काढण्याचा आणि लावण्याचा सराव करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

३. मेनू लहान करा

शंभरावर पर्याय असलेला मेनू पाठ करण्याच्या फंदात पडू नये. कार्ड फॉरमॅट करणे, आवाज बंद करणे, फाइलचा प्रकार निवडणे अशी नेहमी लागणारी कामे ‘माय मेनू’मध्ये एकत्र ठेवता येतात. डीएसएलआरवरून (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरून) मिररलेसकडे (आरसा नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच्या कॅमेऱ्याकडे) येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना नाकाचा स्पर्श पडद्याला होऊन फोकसचा बिंदू सरकतो, आणि डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. त्या वेळेपुरती स्पर्शाची सोय बंद ठेवावी.

४. एका वेळी एकच नियंत्रण

सरावासाठी भुईकोट किल्ल्याची तटबंदी सोयीची आहे, कारण ऊन आणि सावली शेजारी-शेजारी मिळतात आणि विषय जागचा हलत नाही. त्या दिवशी केवळ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वापरावे. हलत्या विषयावरील फोकस शिकण्यासाठी कंबर तलावावरचे पक्षी किंवा संध्याकाळची नवी पेठेतील वर्दळ घ्यावी. सगळे एकाच दिवशी शिकू पाहिल्यास चूक कशामुळे झाली हे कळत नाही. रात्री घरातला दिवा मालवून, अंधारात केवळ स्पर्शाने बटणे ओळखण्याचा सरावही करावा; यात्रेच्या गर्दीत तोच कामी येतो.

५. यात्रेसाठीची तयारी

पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतील (पारंपरिक अंगरख्यातील) भक्तांचा फोटो हा कोणत्याही कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला चकवणारा विषय आहे. मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे असल्याचे गृहीत धरतो, त्यामुळे दुपारी अक्षता सोहळ्यात पांढऱ्या वस्त्रांनी चौकट भरली की फोटो काळपट येतो आणि एक्स्पोजर साधारण ०.७ ते १ स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे लागते. रात्री रोषणाई केलेल्या नंदीध्वजांभोवती (मिरवणुकीतील उंच मानाच्या काठ्यांभोवती) अंधारच जास्त असतो, मीटर त्याला उजळ करू पाहतो आणि दिवे व पांढरे कपडे जळून जातात. तेव्हा उलट एक्स्पोजर कमी करावे. वस्त्रे तीच, पण बोट दुपारी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे फिरवायचे असल्यामुळे डायलची कोणती दिशा ‘अधिक’ आहे हे हाताला माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे. मिररलेसमध्ये हा बदल व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतो, मात्र त्यासाठी एक्स्पोजरचे पूर्वदर्शन चालू असावे लागते. अंधारात व्ह्यूफाइंडर दृश्य प्रत्यक्षापेक्षा उजळ भासवू शकतो, म्हणून हिस्टोग्रामवरही (फोटोतील उजळ-गडद भागांच्या आलेखावरही) नजर ठेवावी.

दुपारची आणि रात्रीची जुळवणी स्वतंत्रपणे साठवून ठेवावी. कॅननच्या अनेक मॉडेलांवर त्यासाठी सी१, सी२ आणि निकॉनच्या अनेक मॉडेलांवर यू१, यू२ अशा जागा असतात. रात्रीच्या जुळवणीत ऑटो आयएसओ आणि शटरची किमान गती १/२५० सेकंद ठेवल्यास चालत्या मिरवणुकीतील चेहरे फोटोत बहुधा हललेले येत नाहीत. होम मैदानावरील शोभेच्या दारूकामासाठी मात्र तिपाई, मॅन्युअल मोड आणि काही सेकंदांचे शटर लागते. त्याची तालीम दिवाळीच्या फटाक्यांवर करता येते.

पहिल्या वर्षी जुना कॅमेराही सोबत न्यावा. मिररलेसची बॅटरी तुलनेने लवकर संपते, म्हणून नव्यासाठी जास्तीची बॅटरी घ्यावी, आणि निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख व वेळ मिनिटापर्यंत जुळवावी, म्हणजे घरी आल्यावर दोन्हींतील फोटो संगणकावर योग्य क्रमाने लागतात.