खान्देशात अतिवेगवान गाडीचे स्थानक आखताना

ताशी 320 किलोमीटर वेगाची रेल्वे, चुंबकीय बलावर तरंगणारी गाडी किंवा निर्वात नळीतून धावणारी हायपरलूप यांपैकी एकही वाहन आज खान्देशात नाही. तरीही वास्तुरचना शिकणाऱ्यांनी अशा स्थानकाचा आराखडा जळगाव-भुसावळचे ऊन, माती आणि पाणी समोर ठेवून करून पाहावा. पर्यावरणपूरक स्थानक म्हटले की बहुतेक आराखडे छतावरील सौर पॅनेलपासून सुरू होतात. हा क्रम उलटा करावा. आधी जागा, मग सावली, मग पाणी आणि सर्वांत शेवटी वीज. कारण जागा चुकली तर उरलेल्या तिन्ही गोष्टी मिळून ती चूक भरून काढू शकत नाहीत.

मुंबई ते जळगाव हे लोहमार्गाने सुमारे 420 किलोमीटरचे अंतर अशी गाडी पावणेदोन तासांच्या आसपास कापेल. परंतु चोपड्याहून निघालेल्या प्रवाशाला स्थानक गाठायलाच तासाहून अधिक वेळ लागला, आणि तोही स्वतःच्या मोटारीने, तर वाचवलेला वेळ आणि इंधन दोन्ही रस्त्यातच खर्ची पडतात. फ्रान्समध्ये 1994 साली सुरू झालेले ओत-पिकार्दी स्थानक आमियाँ आणि सँ-काँताँ या दोन शहरांच्या मध्ये, जुन्या रेल्वेला न जोडता, मोकळ्या शेतात उभारले गेले आणि लोकांनी त्याला बीटच्या शेतातले स्थानक म्हणायला सुरुवात केली. सावदा-फैजपूरकडे केळीच्या बागेतले स्थानक होऊ द्यायचे नसेल, तर नवा मार्ग जुन्या लोहमार्गाला जेथे ओलांडतो तीच जागा निवडावी. जळगावला सुरतेचा मार्ग मिळतो, भुसावळला नागपूर आणि खंडव्याचे मार्ग फुटतात. त्यामुळे या दोन शहरांच्या पट्ट्यात प्रवासी एका जिन्याने किंवा लिफ्टने गाडी बदलू शकेल. अडचण अशी की या वेगाला सहा-सात किलोमीटर त्रिज्येची वळणे लागतात, म्हणून मार्ग शहराच्या पोटात शिरत नाही. अशा वेळी एसटीचा फलाट स्थानकाच्या छताखालीच घ्यावा आणि खासगी मोटारींचे वाहनतळ त्याच्यापेक्षा लांब ठेवावे.

मार्ग भरावावर न नेता खांबांवर न्यावा. पांझरेच्या काठच्या फड पद्धतीचे (शेतकऱ्यांनी मिळून नदीचे पाणी वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीचे) पाट असोत की साधे ओहोळ, सलग भराव पाण्याची वाट अडवतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, त्यामुळे उथळ पाया चालत नाही. खाली मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जावे, आणि तापीच्या खोल गाळात, जेथे कातळ हाती लागत नाही, तेथे पायाच्या खांबांचे आकारमान माती तपासूनच ठरवावे.

खरी कसोटी उन्हाची आहे. जळगाव सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उष्णता भिंतींपेक्षा छतातून उतरते. सुदैवाने येथील मार्ग साधारण पूर्व-पश्चिम जातात, त्यामुळे फलाटाच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि दुपारनंतरचे तिरके ऊन फक्त पश्चिमेच्या अरुंद टोकातून आत शिरते. ते टोक जाळीच्या भिंतीने झाकावे. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे 45 अंशांवर असतो; दक्षिणेकडचा छज्जा त्या मानाने बेतावा.

छत जाड काँक्रीटचे करावे असे अनेकांना वाटते आणि दाखला धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांचा दिला जातो. तो दाखला अर्धवट आहे. धाब्याचा मातीचा थर दिवसाची उष्णता अडवतो हे खरे, पण ती तो रात्री सोडतो, आणि तोवर घरची माणसे धाब्यावर झोपायला गेलेली असतात. स्थानकात गर्दी नेमकी संध्याकाळी असते. म्हणून येथे हलके दुहेरी छत हवे: वर पांढरा पत्रा किंवा पॅनेल, मध्ये वारा वाहील अशी हातभर पोकळी आणि खाली उष्णतारोधक थर. संपूर्ण फलाट वातानुकूलित करण्याच्या फंदात पडू नये. फलाटावर सावली आणि संथ फिरणारे मोठे पंखे पुरेत. एक लहान, बंदिस्त प्रतीक्षालय गार ठेवावे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तेथे कूलर उत्तम चालतो. जुलैच्या दमटपणात तो निरुपयोगी ठरतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. सोळा डब्यांच्या गाडीसाठी 400 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद छत धरले, तर क्षेत्र 12,000 चौरस मीटर होते. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला 80 टक्के हाती लागला असे मानले, तर सुमारे 67 लाख लिटर पाणी मिळते, म्हणजे दिवसाला 18 हजार लिटर. पाच लिटरच्या फ्लशला ते 3,600 वेळा पुरेल. मात्र हा पाऊस चार महिन्यांत पडतो, म्हणून टाकी काही आठवड्यांपुरतीच बांधावी आणि उरलेले पाणी, पहिला धुळीचा पाऊस वगळून, गाळून जमिनीत मुरवावे. केळीच्या पट्ट्यात भूजलाची पातळी खोल गेली आहे. स्थानकाने तेथे आणखी एक बोअर मारणे बरे नव्हे.

आता वीज. छताच्या निम्म्या भागावर साधारण 600 किलोवॉटची पॅनेल बसतात आणि ती दिवसाला सुमारे 2,400 युनिट देतात. मेमध्ये पॅनेल तापल्याने आणि धूळ बसल्याने त्यांची कार्यक्षमता घटते. उलट 700 टन वजनाची गाडी 320 च्या वेगाला नेण्यासाठी, हवेचा विरोध सोडून, सुमारे 770 युनिट लागतात. म्हणजे दिवसभराच्या उन्हावर फक्त तीन गाड्या सुटतील! छताची वीज दिवे, पंखे, लिफ्ट आणि पंपांसाठी ठेवावी. गाड्यांसाठी साक्री तालुक्यातील शिवाजीनगरच्या 125 मेगावॉट प्रकल्पासारखा वेगळा स्रोत लागेल. मोठी बचत ब्रेकमध्ये आहे: थांबणाऱ्या गाडीने परत दिलेली वीज त्याच वेळी सुटणाऱ्या गाडीला मिळेल असे वेळापत्रक आणि वीजवाहिन्यांचे विभाग आखावेत. लंडनच्या भुयारी रेल्वेप्रमाणे स्थानक उंचवट्यावर ठेवून (येताना चढ गाडीला थांबवतो, जाताना उतार वेग देतो) ऊर्जा वाचवण्याची युक्ती मेट्रोला शोभते. 320 च्या वेगातील ऊर्जा 400 मीटर चढाएवढी असते, तिच्यापुढे तीन मीटरचा उंचवटा काय करणार?

वाहन कोणते येईल यावर मात्र पैज लावू नये. जपानची चुंबकीय गाडी 2015 मध्ये 603 किलोमीटर वेगाने धावली, तरी तिचा टोकियो-नागोया मार्ग 2027 ची मुदत गाठू शकत नाही. पुणे-मुंबई हायपरलूपचा प्रस्ताव मांडणारी कंपनी 2023 अखेर बंद पडली. म्हणून छताचे खांब मार्गाच्या तुळयांपासून स्वतंत्र ठेवावेत आणि एका बाजूला नळीसाठी खांबविरहित पट्टा मोकळा सोडावा. पोलादी नळीचे तापमान हिवाळ्यातील पहाट आणि मेमधील दुपार यांत 50 अंशांनी बदलले, तर किलोमीटरमागे तिची लांबी सुमारे 60 सेंटिमीटरने बदलते. प्रसरणाचे सांधे आणि हवाबंद दालने यांची जागा त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आजच्याच नकाशात दाखवावी.