मंडळाचा फ्लेक्स करायला बसण्याआधी, आणि उठण्याआधी

गेल्या गणपतीत रक्तदान शिबिराचा फ्लेक्स मी केला. तीन रात्री गिंप या चित्रं करायच्या फुकट सॉफ्टवेअरवर बसलो, जेपीजी एक्सपोर्ट केली, ग्रुपवर टाकली, अंगठ्यांचा पाऊस पडला. गिंप बंद करताना त्याने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? म्हटलं, एक्सपोर्ट केलंय की, आता काय राहिलं! 'डिस्कार्ड चेंजेस' दाबलं आणि झोपलो. सकाळी साडेसातला फोन: "खजिनदारांचं नाव राहिलंय."

एका ओळीचं काम. पण ती ओळ घालायची कुठे? लेअर, म्हणजे चित्राचे सुटे थर, गेलेले, मजकूर चित्रात विरघळलेला, आणि मागे भगव्यातून पिवळ्यात जाणारी छटा, म्हणजे ठिगळ लावायचीही सोय नाही. सगळा फ्लेक्स पहिल्यापासून केला, आणि त्या घाईत शिबिराची वेळ सकाळी ९ ऐवजी ६ छापली गेली. दोन काका खरंच सहाला येऊन मांडवात बसले होते.

यंदा काम धाकट्या पोरांकडे गेलंय. पोरांनो, हे वाचा, मग माउसला हात लावा.

आधी मजकूर. संपूर्ण मजकूर, एका कागदावर, अध्यक्षांची सही घेऊन. सही हा विनोद नाही. तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडर काढून बघा. नावांचा क्रम तुम्ही ठरवू नका, त्यात पडू नका. आणि मजकूर पक्का झाला असं कुणी म्हणालं तरी विश्वास ठेवू नका, एक नाव राहतंच. म्हणून मूळ फाइल ठेवायची. गिंपमध्ये ती एक्ससीएफ असते, फोटोशॉपमध्ये पीएसडी. जेपीजी म्हणजे शिजलेला भात, त्यातून तांदूळ परत निघत नाही.

मग माप. फ्लेक्सवाल्याला फोन करून विचारा, अंदाजाने नको. मोबाइलसाठी केलेलं १०८० बाय १०८० चं चित्र ताणून १० बाय ६ फुटांवर नेलं तर गणपतीच्या सोंडेच्या पायऱ्या होतात. आता गणित. हँडबिल ए४ असेल तर २१० बाय २९७ मिलिमीटर, ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त. फ्लेक्सला मात्र ३०० चा हट्ट धरू नका. १० बाय ६ फूट ३०० ला म्हणजे ३६००० बाय २१६००. लॅपटॉप तिथेच मान टाकेल. फ्लेक्स लांबून बघतात, ७२ ला ८६४० बाय ५१८४ होतं, ते पुरतं. कडेला भोकं पाडून दोरी ओवतात, त्यामुळे चारही बाजूंनी चार-पाच इंच कुठलंही नाव नको. कुणाच्या नावातून दोरी गेली तर तो पुढची पाच वर्षं बोलत नाही.

कॅनव्हास उघडलात? कंट्रोल-एस. रिकामाच आहे, तरी कंट्रोल-एस. फाइलला नाव आणि तारीख द्या. 'फायनल', 'फायनल२', 'खरंफायनल' असली नावं नकोत.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे आले की दाबून बारीक होऊन येतात. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. गूगलवरून उचललेलं कुणाचंही चित्र नको, एवढंच सांगतो.

आता अक्षर, इथे थोडा वेळ घालवा. फाँट युनिकोड असावा, म्हणजे मोबाइलवर टाइप केलेली मराठी तशीच चिकटवता येते. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू फुकट मिळतात, वापरायला मोकळे आहेत. त्यांचाच मोदक नावाचा गुबगुबीत फाँट मथळ्याला छान दिसतो, पण पत्त्याला वापरलात तर काहीही वाचता येणार नाही. फाँट निवडण्याआधी 'दुसऱ्या', 'ॲड.', 'शिल्पा', 'कृष्णा', 'उद्घाटन' लिहून बघा. ऱ्य फुटत असेल किंवा ॲ च्या जागी चौकोन येत असेल तर तो फाँट सोडा. मंडळात किमान तीन ॲडव्होकेट असतात. मराठी वळणाचा ल आणि श आहे का तेही बघा, नाहीतर पोस्टर हिंदी वाटतं. जुनं फोटोशॉप वापरत असाल आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' सुरू करा. गिंपला ही कटकट नाही. इंग्रजीत अक्षरं लांब-लांब ठेवतात तसं देवनागरीत करू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. दोन ओळींत मात्र अंतर जास्त सोडा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसायला वेळ लागत नाही.

फाँट दोनच. मथळ्याला एक, बाकीला एक. सावली, बाह्यरेषा, चमक हे तिन्ही एकाच अक्षराला लावायचा मोह होईल. एक लावा, दोन पुसा. दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर इंचभर उंच हवं, आणि रस्त्यावरून दहा फुटांवरून कोण बघतं? त्यामुळे काय, केव्हा, कुठे हे तीन मोठे. बाकी शुभेच्छुक लहान, ते रागावले तरी चालेल. (चालत नाही. पण प्रयत्न करा.)

इथे सावध! गिंपमध्ये मजकुराचा लेअर फिरवला, तिरपा केला किंवा त्यावर ब्रश मारला की तो मजकूर राहत नाही, चित्र होतो. मग 'सचिव' चं 'सहसचिव' करायला गेलात की ते फिरवणं-रंगवणं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी त्या लेअरची प्रत काढा, लेअरच्या यादीतलं डोळ्याचं चिन्ह बंद करून ती खाली लपवा, आणि दुसऱ्या प्रतीशी काय हवं ते खेळा. सगळे लेअर एकजीव करणाऱ्या 'फ्लॅटन इमेज' ला हात लावू नका. सगळं एकत्र दिसलेलं हवं असेल तर 'न्यू फ्रॉम व्हिजिबल' आहे, त्यात मूळ लेअर जिवंत राहतात. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टरही वेगळे राहतात, नंतर बदलता येतात. पण हे सगळं जिवंत राहतं ते एक्ससीएफमध्ये. जेपीजीत नाही. पीएनजीतही नाही. आणि फाइल बंद केली की कंट्रोल-झेडचा इतिहास संपला, तो एक्ससीएफमध्येही जात नाही.

कंट्रोल-एस केलंत का?

रंग. पडद्यावरचा भगवा प्रकाशाचा असतो, छापलेला शाईचा. तो मंद येणारच. फ्लेक्सवाल्याकडून फूटभर तुकडा छापून बघा. पांढऱ्यावर पिवळं अक्षर नको, लालवर निळं तर अजिबात नको. चित्र काळं-पांढरं करून बघा, अक्षर गायब झालं तर रंग चुकलाय. मग ते मोबाइलवर अंगठ्याएवढं करून लांब धरा आणि मंडळाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला लावा. आईला द्या, ती चुका काढतेच.

एक्सपोर्ट करताना जेपीजीचा दर्जा ९० च्या वर, फ्लेक्सवाल्याला डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर. फोनवर माप परत सांगा. आगाऊ पैसे, पावती. उचलताना तिथेच उलगडून वाचा.

गिंप बंद करताना ती चौकट येईल. 'सेव्ह' दाबा. एक प्रत ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह फ्लेक्सवाल्याच्या मशीनला विसरू नका, त्यावर फाइल आहे. कुठली फाइल? एक्ससीएफ. मी आत्ताच गेल्या वर्षीच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं, तिथे अजूनही एकच जेपीजी आहे, सकाळी ६ वाली.