रुकी वाइड रिसीव्हरकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी?

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंची संघवार निवड होते, आपला संघ पहिल्या फेरीत एखादा वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू निवडतो आणि त्याचे कॉलेजमधले झेल पाहून आपण मनोमन त्याच्या नावावर मोसमभरात झेलांतून मिळणारे हजार यार्ड मांडून मोकळे होतो. सप्टेंबरच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याच्याकडे जेमतेम सहा-सात पास येतात आणि चाहत्यांची कुरबूर सुरू होते. या निराशेचे मूळ बहुतेक वेळा आपल्या मोजपट्टीत असते, असे माझे ठाम मत आहे. ही मोजपट्टी मोसमापूर्वी कशी ठरवावी आणि मोसमभर कशी वापरावी, ते येथे मांडतो.

सुरुवात साध्या गणिताने करावी. २०२१ पासून नियमित मोसमात प्रत्येक संघ १७ सामने खेळतो, त्यामुळे हजार यार्ड गाठायला सामन्यामागे सुमारे ५९ यार्ड लागतात. समजा, आपला संघ सामन्यात सरासरी ३३ पास टाकतो. म्हणजे मोसमात ५६१ पास झाले. त्यांतले २० टक्के आपल्या रुकीच्या, म्हणजे पहिलाच मोसम खेळणाऱ्या रिसीव्हरच्या दिशेने आले तर त्याला ११२ टार्गेट मिळतील, त्यांतले ६५ टक्के पास त्याने झेलले तर ७३ झेल होतील, आणि झेलामागे १३ यार्ड धरले तरी बेरीज ९४९ वरच थांबेल. संघाच्या दर पाच पासांतला एक पास नवख्या खेळाडूला मिळणे ही केवढी मोठी मागणी आहे, हे येथे लक्षात येते. तोच वाटा १४ टक्क्यांवर आला, तर बाकी सारे तसेच ठेवूनही हाती ६६० च्या आसपास यार्ड उरतात. आपल्या संघाचे गेल्या मोसमातले आकडे घालून हे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

वाटा किती मिळेल, हे खेळाडूच्या गुणवत्तेइतकेच आसपासच्या माणसांवर ठरते. म्हणून दुसरे काम म्हणजे संघाची यादी समोर घेऊन त्याच्या पुढे कोण उभे आहे, ते पाहणे. डावांटे अॅडम्स २०१४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडे आला तेव्हा जॉर्डी नेल्सन आणि रँडल कॉब हे दोघेही भरात होते; अॅडम्सच्या वाट्याला ३८ झेल आणि ४४६ यार्ड आले. पुढे तो आपल्या पिढीतल्या सर्वोत्तम रिसीव्हरांमध्ये गणला गेला, पण त्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून हे कोणालाही सांगता आले नसते. याच्या उलट उदाहरण पुका नाकुआचे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतले. कूपर कप दुखापतीमुळे पहिले चार सामने बाहेर बसला, ती जागा नाकुआला मिळाली, आणि त्याने १०५ झेल व १,४८६ यार्डांची नोंद करून १९६० पासून बिल ग्रोमनच्या नावावर असलेला १,४७३ यार्डांचा रुकी विक्रम मोडला. नाकुआची कर्तबगारी निर्विवाद आहे. तरीही दार उघडे मिळाले होते, हेही तितकेच खरे.

पास टाकणाऱ्या खेळाडूकडे, म्हणजे क्वार्टरबॅककडेही असेच पाहावे. जमार चेसने २०२१ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडून १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन केलेले गुण) मिळवले, तेव्हा त्याला पास देणारा जो बरो हा एलएसयू या विद्यापीठाच्या संघातला त्याचा जुना सहकारी होता. खेळाडू नेमका कुठे आणि कधी वळणार, हे क्वार्टरबॅकला आधीच ठाऊक असणे ही फार मोठी सवलत आहे. क्वार्टरबॅकही नवखा असेल किंवा मोसमात दोनदा बदलला जाणार असेल, तर आपल्या अंदाजातून निःसंकोच काही यार्ड वजा करावेत.

आता मैदानावरचे काम नेमके अवघड का असते, ते समजून घेऊ. कारण संयम या समजुतीतूनच येतो. कॉलेजमध्ये एक पाय सीमारेषेच्या आत टेकला तरी झेल ग्राह्य धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. स्क्रिमेजच्या रेषेपासून, म्हणजे डाव जिथून सुरू होतो तिथून, पाच यार्डांपर्यंत कॉर्नरबॅकला (रिसीव्हरवर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूला) रिसीव्हरला धक्का देऊन अडवण्याची मुभा असते, आणि एनएफएलमधले कॉर्नरबॅक ती पुरेपूर वापरतात. पहिली दोन पावले चुकली की पुढचा सारा रूट, म्हणजे धावण्याचा ठरलेला मार्ग, उशिरा होतो, आणि क्वार्टरबॅकने ठरलेल्या क्षणी चेंडू सोडलेला असतो. शिवाय अनेक रूट बचावाची मांडणी पाहून धावता-धावता बदलायचे असतात. सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, मागे सरकला तर थांबायचे, पुढे आला तर त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत शिरायचे. हा निर्णय रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक या दोघांनी एकाच वेळी, एकसारखाच घ्यावा लागतो. टीव्हीवर आपल्याला फक्त चुकलेला पास दिसतो; चूक दोघांपैकी कोणाची होती, हे बाहेरून खात्रीने सांगणे बहुधा शक्य नसते. रुकीला कडेला, रेषेवरच्या एक्स जागेवर उभे केले आहे की स्लॉटमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या बाजूला, हेही पाहावे. एक्सला हा धक्का थेट सोसावा लागतो, तर स्लॉटमध्ये सुरुवातीला मोकळीक जास्त मिळते. दोन रुकींची तुलना करताना हा फरक विसरला की अन्याय होतो.

म्हणून पहिले चार सामने यार्ड मोजू नयेत. त्याऐवजी तो किती स्नॅप (डाव) खेळला, पासाच्या डावांत त्याने किती रूट धावले आणि थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार संधींपैकी तिसरीला) प्रशिक्षक त्याला मैदानावर ठेवतात का, हे टिपावे. स्नॅपचा वाटा आठवड्यागणिक चढत असेल, तर संघाचा विश्वास वाढतो आहे आणि यार्ड मागाहून येतील. जस्टिन जेफरसनने २०२० मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सकडून पहिल्या दोन सामन्यांत मिळून पाच झेल आणि ७० यार्ड मिळवले. तिसऱ्या सामन्यात टेनेसी टायटन्सविरुद्ध त्याने १७५ यार्ड काढले आणि मोसम १,४०० वर संपवला. मार्विन हॅरिसन ज्युनियर हा २०२४ च्या ड्राफ्टमधला चौथा खेळाडू. अॅरिझोना कार्डिनल्सकडून पहिल्या सामन्यात त्याने एक झेल घेऊन चार यार्ड मिळवले, आणि पुढच्याच सामन्यात रॅम्सविरुद्ध १३० यार्ड व दोन टचडाउन. मोसमअखेर त्याचे ८८५ यार्ड झाले. अनेकांनी त्याला अपयश म्हटले. मला ते वर्ष चांगलेच वाटते, कारण आठ टचडाउनही त्यात होते.

सुटलेल्या झेलांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण चाहत्यांचा राग सर्वांत आधी तेथे जातो. चेसच्या हातून २०२१ च्या प्रीसीझनमध्ये, म्हणजे मोसमापूर्वीच्या सामन्यांत, झेल सुटले तेव्हा त्याच्यावर मोठी टीका झाली होती. पुढे महान ठरलेल्या जेरी राइसलाही १९८५ मध्ये, रुकी असताना, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेक्षकांनी हुर्यो ऐकवली होती, आणि त्याच मोसमात डिसेंबरमध्ये त्याने रॅम्सविरुद्ध १० झेलांत २४१ यार्ड मिळवले. झेल सोडण्यासाठीसुद्धा आधी बचावपटूला चुकवून मोकळे व्हावे लागते. जो मोकळाच होत नाही, त्याची चिंता मला अधिक वाटते.

ही चिंता कधी करावी, याचीही खूण ठरवून ठेवावी. नोव्हेंबरच्या अखेरीस तो तंदुरुस्त असूनही निम्म्याहून कमी स्नॅप खेळत असेल, त्याच्या खालच्या फेरीत निवडलेला खेळाडू त्याच्या पुढे गेला असेल, किंवा धावेच्या डावांत तो ब्लॉकिंग (सहकाऱ्यासाठी बचावपटूंना अडवणे) टाळताना वारंवार दिसत असेल, तर प्रश्न विचारणे रास्त आहे. दुखापतीने गेलेले आठवडे मात्र हिशेबातून काढावेत. ओडेल बेकहॅम ज्युनियर २०१४ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीमुळे पहिले चार सामने खेळला नाही, आणि उरलेल्या १२ सामन्यांत त्याने १,३०५ यार्ड मिळवले.

मोसम संपल्यावर पहिले नऊ आणि शेवटचे आठ सामने वेगळे मांडून पाहावे. दुसऱ्या भागात स्नॅप, टार्गेट आणि यार्ड तिन्ही वाढले असतील, तर एकूण बेरीज ६०० असली तरी पुढच्या वर्षीची अपेक्षा वाढवायला हरकत नाही. ती वाढवताना गणित पुन्हा मांडावे, कारण मधल्या काळात सहकारी, क्वार्टरबॅक आणि आक्रमणाचा प्रशिक्षक यांपैकी कोणीही बदललेला असू शकतो. संघाच्या जयपराजयाला या हिशेबात फार जागा देऊ नये. कॅल्विन जॉन्सन २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे आला, पहिल्या वर्षी ७५६ यार्डांवर थांबला आणि २००८ मध्ये १,३३१ यार्ड व १२ टचडाउन मिळवून गेला. त्या वर्षी लायन्सने १६ पैकी एकही सामना जिंकला नव्हता.