माटवी बांधताना आधी नारळ, शेरवडं शेवटी

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी (गणपतीच्या वर टांगायची, फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधायला बसलं की सगळ्यांचे हात आधी फुलांकडे जातात. तसं करू नका. मुळात गणपती यायच्या आठ-दहा दिवस आधीच चौकट पोटमाळ्यावरून उतरवून बघा. लाकूड ठोकून पोकळ वाजलं किंवा खाली पिवळट भुकटी पडली, तर भुंगा लागलाय. ती पट्टी बदलाच, कारण खाली मूर्ती बसणार आहे. वाशाच्या कड्या आणि दोरही ओढून बघा.

बांधायला सुरुवात असोल्या, म्हणजे न सोललेल्या नारळांनी. एकेका नारळाच्या सोडणाची (वरच्या सालीची) एक पट्टी देठाकडे न तोडता सोलायची, दोन नारळांच्या पट्ट्यांची एकमेकांत गाठ मारायची आणि ही जोडी चौकटीच्या पट्टीवर दोन्हीकडे लोंबेल अशी टाकायची. दोर लागतच नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारखं वजन ठेवलं की चौकट कलत नाही. मग चिबूड, काकडी, तोरिंजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), सुपारीचं शिंपटं (घोस). यांना बांधायला केवणीची (एका रानझुडपाची) साल पाण्यात भिजवून वापरा. नायलॉनची दोरी गुळगुळीत देठावरून सटकते. (आणि दिसतेही वाईट.)

आंब्याचे टाळ (डहाळ्या) दोन-तीन दिवस सहज टिकतात. तेरडा आणि शेरवडं (पांढऱ्या पानांची रानफुलं) मात्र लगेच मान टाकतात, म्हणून ती चतुर्थीच्या पहाटे बांधा. लालभडक कवंडाळं (एका रानवेलीची फळं) मुलांना फार आवडतात, पण ती खायची नसतात, उंचावरच बांधा. दीड दिवसाचा गणपती असेल तर एवढं पुरे. पाच-सात दिवसांचा असेल तर काकडी, चिबूड रोज चाचपून बघा, मऊ लागलं की लगेच काढा.