जँगो 4.2 चं 5.2 करताय? आकडा बदलायच्या आधीची कामं

निफाडकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर मी नाशिकमधून सांभाळतो. काटा पावती, हिशोब पट्टी, शेतकऱ्याचं पेमेंट, एवढंच. जँगो (पायथनमध्ये वेब सॉफ्टवेअर बनवायचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). शनिवारी रात्री अपडेट टाकलं, सगळं चालतंय बघून झोपलो, आणि सोमवारी लिलाव सुरू झाल्यावर मुनीमकाकांचा फोन, "अरे, शुक्रवारची साडेनवाची पावती दुपारी तीनची का दाखवतीये? शेतकरी समोर उभाय, म्हणतो माझा ट्रॅक्टर सकाळीच खाली झालाय." मी नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, पण साडेपाच तासांचा फरक ऐकला आणि पोटात गोळाच आला. साडेपाच तास म्हणजे टाइमझोन, दुसरं काय असणार.

झालं असं की जँगो 5.0 पासून यूज-टीझेड ह्या (टाइमझोनचा हिशोब ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या) सेटिंगचा डिफॉल्ट फॉल्सचा ट्रू झाला. नवीन प्रोजेक्ट बनवलं की सेटिंगच्या फाइलमध्ये ही ओळ आपोआप येते, पण माझ्या जुन्या फाइलमधून ती कधीतरी कोणीतरी (मीच) उडवलेली. म्हणजे आधी डेटाबेसमध्ये आपली भारतीय वेळ जशीच्या तशी पडत होती, आणि अपडेटनंतर जँगो तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजून त्यात साडेपाच तास मिळवून दाखवायला लागला. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटला हे होतं, पोस्टग्रेसला नाही, कारण तिथल्या कॉलममध्ये टाइमझोनचं भान आधीपासून असतं.

खरा राग ह्याचा की 4.2 हेच सांगत होता. डिफॉल्ट बदलणार आहे, जुनं हवं असेल तर फॉल्स लिहून ठेवा, अशी स्पष्ट वॉर्निंग होती. पण पायथन डेप्रिकेशनच्या (म्हणजे 'हे पुढे बदलणार किंवा जाणार' अशा) बहुतेक वॉर्निंग गुपचूप लपवून ठेवतो. म्हणून पहिलं काम हे, आणि अजून व्हर्जनला हात लावायचा नाही: 4.2 च्या शेवटच्या पॅचवर या आणि टेस्ट चालवताना पायथनला डॅश, कॅपिटल डब्ल्यू, स्मॉल ए हा फ्लॅग द्या. मग बघा स्क्रीन कशी भरते ती. 'रिमूव्हड इन जँगो 50' किंवा '51' (म्हणजे 5.0 किंवा 5.1) असं नाव दिसलं की ती गोष्ट त्या व्हर्जनला जाणार, तारीख-वार ठरल्यासारखं. आपल्या कोडमधून आलेल्या सगळ्या शून्यावर आणायच्या, आणि पॅकेजमधून येतायत त्यांची यादी करायची, कारण ते पॅकेज अपडेट करणं हे वेगळं आणि बऱ्याचदा जास्त डोकेदुखीचं काम असतं.

टेस्ट नाहीयेत? माझ्याकडेही निम्म्याच होत्या, लाजायचं काय त्यात. मग तोच फ्लॅग लावून लोकल सर्व्हर चालू करायचा आणि मुनीम दिवसभर ज्या स्क्रीन वापरतो त्या सगळ्या हाताने फिरायच्या.

मग उड्या मारायच्या नाहीत. 4.2, 5.0, 5.1, 5.2, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला वेगळा कमिट, आणि त्या ब्रँचवर दुसरं कुठलंही काम नाही, "जाता जाता हे बटण पण हलवून टाक" तर अजिबात नाही. 5.0 ला पायथन 3.10 तरी लागतो, तो आधीच बदलून घ्या म्हणजे काय कशामुळे मोडलं ते कळतं. जँगो-अपग्रेड नावाचं टूल आहे, ते बरेचसे साधे बदल स्वतः करतं, फक्त नंतर डिफ (कुठल्या ओळी बदलल्या ते) वाचा, डोळे मिटून कमिट करू नका.

मोडणाऱ्या गोष्टी दोन जातीच्या असतात. एक ओरडून मोडते. उदाहरणार्थ लॉगआउटची साधी लिंक: 5.0 पासून लॉगआउटला पोस्ट रिक्वेस्टच (फॉर्म सबमिट) लागते, लिंकवर क्लिक केलं की 405 एरर येतो, छोटा फॉर्म आणि सीएसआरएफ टोकन (फॉर्मच्या सुरक्षेचा कोड) टाकलं की काम संपलं, पाच मिनिटं. इंडेक्स-टुगेदर (अनेक कॉलमचा मिळून इंडेक्स करायची जुनी पद्धत) ह्याचंही तसंच, 5.1 ला गेलं, मॉडेलच्या मेटामध्ये इंडेक्सेस लिहायचं. दुसरी जात गप्प बसून मोडते, आणि तिलाच घाबरायचं. स्टॅटिकफाइल्स-स्टोरेज ही (सीएसएस, चित्रं अशा फाइल कशा ठेवायच्या ते सांगणारी) सेटिंग 5.1 ला काढली, आता स्टोरेजेस वापरायचं, पण जुनी ओळ फाइलमध्ये राहिली तरी जँगो तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतो. म्हणून रिलीज नोट्स वाचताना काढून टाकलेल्या गोष्टींपेक्षा बदललेले डिफॉल्ट आधी शोधा.

आता माझी खरी चूक. मी स्टेजिंगवर (लाइव्हच्या आधी तपासायच्या सर्व्हरवर) चेक केलं होतं की! पण तिथे नवीन पावत्या बनवून. नवीन पावती नव्या नियमाने लिहिली जाते आणि नव्याच नियमाने वाचली जाते, त्यामुळे वेळ अगदी बरोबर दिसते. चोरी पकडून देतो तो जुना डेटा. तेव्हापासून मी प्रॉडक्शनच्या (लाइव्ह) डेटाची कॉपी स्टेजिंगला आणतो (शेतकऱ्यांची नावं, खाते नंबर पुसून), अपडेटच्या आधी वीसेक जुन्या पावत्या आणि पट्ट्यांची पीडीएफ काढतो, अपडेटनंतर त्याच परत काढतो आणि शेजारी ठेवून बघतो. कंटाळवाणं आहे, चहा घेऊन बसा.

दिवस निवडताना गिऱ्हाइकाला विचारा. लिलाव बंद असेल त्याच्या आदल्या रात्री टाकायचं, आणि द्राक्षाचा सीझन ऐन भरात असताना पिंपळगाव साइडच्या कोणाचंही काही अपडेट करायचं नाही, हा माझा नियम. बॅकअप घ्याच, आणि तो एकदा दुसऱ्या मशीनवर चढवून बघा.

आणि अपडेट लाइव्ह करायच्या क्षणी प्रत्येक मोठ्या टेबलचा शेवटचा आयडी लिहून ठेवा. मी लिहिला नव्हता. त्या सोमवारी सेटिंगमध्ये फॉल्स टाकल्यावर जुन्या पावत्या जागेवर आल्या, पण सकाळपासून बनलेल्या यूटीसीत पडलेल्या, म्हणजे साडेनवाची पावती आता पहाटे चारची. लॉगमधून डिप्लॉयची वेळ शोधली, त्यानंतरची पहिली पावती काढली, शेवटची चुकीची पावतीही हुडकली, आणि मधल्या तेवढ्याच ओळींना साडेपाच तास मिळवले, तेही ट्रान्झॅक्शनमध्ये (चुकलं तर सगळं मागे घेता येतं), आधी सिलेक्ट करून मुनीमकाकांना फोनवर एकेक वाचून दाखवत. 37 पावत्या. तेवढ्यात काका म्हणाले, "अडतिसावी बनवू का थांबू?"